सरवा वेचणाऱ्या तिघी आणि त्यांचा चित्रकार

आजचा लेख वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटंसं काम करा. फोनवर 'मिले' आणि 'ग्लीनर्स' हे दोन शब्द टाकून चित्र शोधा. सापडलं? आता दोन बोटांनी ते मोठं करून बघा.

कापणी झालेलं शेत आहे आणि त्यात तीन बायका आहेत. दोघी पार कमरेतून वाकल्या आहेत. सगळ्यात डावीकडच्या बाईने एक हात पाठीमागे घेतलाय, दुसऱ्या हाताने ती जमिनीवरून काहीतरी उचलतेय. तिसरी अर्धवट वाकलेली आहे. तिची पाठ दुखत असणार, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

आता चित्राच्या मागच्या भागाकडे या. तिथे धान्याच्या मोठमोठ्या गंजी रचल्या आहेत, गाडी भरली जातेय, माणसांची लगबग चाललीय. उजवीकडे लांबवर घोड्यावर बसलेला एक मुकादम दिसेल. सगळं पीक तिकडे आहे आणि या तिघी इकडे, मालकाचं धान्य उचलून झाल्यावर मातीत पडून राहिलेल्या ओंब्या वेचतायत.

आपल्याकडे याला 'सरवा वेचणं' म्हणतात. घरात शेती पाहिलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, हा शब्द त्यांना नक्की माहीत असेल. फ्रान्सच्या खेड्यांतही गरिबांना, विशेषतः बायका-मुलांना, कापणीनंतर असा सरवा वेचायची मुभा असे.

हे चित्र १८५७ चं आहे आणि चित्रकाराचं नाव आहे ज्याँ-फ्रान्स्वा मिले. आज ओळख करून घेऊया त्याची.

शेतकऱ्याचा थोरला मुलगा

मिलेचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ चा. फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडीत, समुद्राजवळच्या ग्रुशी नावाच्या लहानशा वस्तीत तो जन्मला. घर शेतकऱ्याचं आणि हा थोरला. त्यामुळे पेरणी, कापणी, मळणी ही कामं त्याने लांबून पाहिली नव्हती, स्वतः केली होती. गावातल्या पाद्र्यांकडून तो लॅटिन शिकला. आजी फार धार्मिक होती आणि तिचा त्याच्यावर खूप प्रभाव होता.

मुलाचा चित्रकलेतला हात बघून घरच्यांनी १८३३ मध्ये त्याला जवळच्या शेरबुर्ग शहरात चित्रकला शिकायला पाठवलं. शेतीला हातभार लावणारा थोरला मुलगा चित्रं काढायला पाठवायचा, हा निर्णय त्या घराला किती जड गेला असेल! पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि १८३७ मध्ये तो पॅरिसला पोहोचला. तिथल्या प्रसिद्ध कलाशाळेत पॉल देलारोश या नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली शिकू लागला.

पण दोनच वर्षांत शिष्यवृत्ती बंद झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या 'सालों' या सरकारी प्रदर्शनाने त्याचं चित्र नाकारलं. त्या काळी सालोंमध्ये चित्र लागणं म्हणजेच चित्रकार म्हणून ओळख मिळणं होतं.

पोटासाठी रंगवलेली चित्रं

पुढची दहा वर्षं ओढाताणीची होती. लोकांची पोर्ट्रेट्स काढायची, विकली जातील अशी छोटी चित्रं रंगवायची, असं करून तो दिवस ढकलत होता. १८४१ मध्ये त्याने पोलीन ओनो हिच्याशी लग्न केलं. तीनच वर्षांत क्षयाने तिचा मृत्यू झाला. नंतर कॅथरिन लमेर त्याच्या आयुष्यात आली आणि शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहिली. दोघांना नऊ मुलं झाली. एवढं मोठं कुटुंब आणि मिळकतीचा भरवसा नाही, अशी अवस्था होती.

१८४८ मध्ये सालोंमध्ये त्याचं धान्य पाखडणाऱ्या शेतकऱ्याचं चित्र लागलं आणि ते चक्क सरकारने विकत घेतलं. आपण जे जगलो तेच आपण रंगवू शकतो, याची ही पहिली मोठी पावती होती.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलरा पसरलेला असताना मिले बायकामुलांना घेऊन बार्बिझाँ या खेड्यात राहायला गेला. फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून असलेल्या या गावात त्याच्यासारखे आणखीही चित्रकार जमले होते. मिले तिथे गेला आणि तिथलाच झाला. दिवसाचा काही वेळ बागेत कुदळ-फावड्याचं काम करायचं आणि मग चित्रं काढायची, हा त्याचा दिनक्रम होता. आल्फ्रेद सांसिए नावाचा मित्र त्याला रंग, कॅनव्हास आणि पैसे पुरवायचा आणि बदल्यात चित्रं घ्यायचा. त्यावर घर चालायचं.

'गरिबांना एवढं मोठं का दाखवलं?'

बार्बिझाँमध्ये त्याने आधी 'पेरणी करणारा' रंगवला. उतरत्या शेतातून ढांगा टाकत, मूठभरून बी फेकणारा एक धिप्पाड शेतकरी. मग १८५७ मध्ये आल्या सरवा वेचणाऱ्या या तिघी.

आज हे चित्र शांत, सुंदर वाटतं. पण तेव्हा अनेक समीक्षक त्यावर भडकले होते. १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. गरीब माणूस रस्त्यावर उतरला की काय होतं, ते पॅरिसच्या श्रीमंतांनी पाहिलं होतं. तोपर्यंत देवदेवतांना आणि राजांना जो मान चित्रात मिळायचा, तो मिलेने सरवा वेचणाऱ्या बायकांना दिला. मागे भरलेल्या गंजी आणि पुढे वाकलेल्या पाठी. त्याने कुठेही घोषणा लिहिली नव्हती, पण ज्यांना जे कळायचं ते कळलं.

कुदळीवर रेलून दम खाणारा शेतकरी त्याने १८६३ च्या सालोंमध्ये मांडला, तेव्हाही असाच गदारोळ झाला. मिलेला लोक समाजवादी म्हणायचे. त्याला हा शिक्का पटत नव्हता. आपण जे पाहिलं तेच काढतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आईने वाट पाहिली

या सगळ्यात त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गावी मात्र जाता येत नव्हतं. प्रवासाला पैसे नव्हते आणि मागे मुलांचा पसारा होता. १८५१ मध्ये आजी गेली. १८५३ मध्ये आई गेली. मुलाला एकदा बघावं, ही तिची इच्छा तशीच राहिली. आई गेल्यानंतर, १८५४ मध्ये तो गावी जाऊन काही महिने राहिला.

नोकरीसाठी घरापासून लांब राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना हे वाचून कुणाची तरी आठवण येईल.

'अँजेलस' हे त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र मी या गोष्टीला जोडूनच बघते. संध्याकाळची वेळ आहे. बटाटे काढता काढता एक पुरुष आणि एक बाई थांबले आहेत. लांबवर चर्चचा मनोरा दिसतोय आणि घंटा वाजतेय. दोघांनी माना खाली घातल्या आहेत. हे चित्र कुठून सुचलं, ते मिलेनेच नंतर सांगितलं होतं. तो लहान असताना शेतात काम चालू असायचं, चर्चची घंटा ऐकू आली की आजी सगळ्यांना थांबवायची आणि गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायला लावायची. आजीला जाऊन काही वर्षं झाल्यावर नातवाने तो क्षण रंगवून ठेवला.

हजार फ्रँकचं चित्र, साडेपाच लाखांना

मिलेला मान मिळाला, पण उशिरा. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची महत्त्वाची चित्रं एकत्र मांडली गेली. पुढच्या वर्षी त्याला फ्रान्सचा 'लेजियों दॉनर' हा किताब मिळाला. ज्या सालोंने त्याला नाकारलं होतं, त्याच्याच निवड समितीवर १८७० मध्ये तो निवडून गेला. पण तब्येत ढासळत चालली होती. २० जानेवारी १८७५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला.

खरी चकित करणारी गोष्ट त्याच्या नंतरची आहे. १८६० मध्ये अवघ्या हजार फ्रँकना गेलेलं 'अँजेलस' १८८९ च्या लिलावात ५ लाख ५३ हजार फ्रँकना विकलं गेलं. दुसऱ्याच वर्षी आल्फ्रेद शोशार या धनिकाने त्याहूनही जास्त पैसे मोजून ते घेतलं आणि पुढे फ्रान्सला देऊन टाकलं. या सगळ्या व्यवहारांत मिलेच्या कुटुंबाच्या हाती मात्र काहीच आलं नाही. त्यांची परिस्थिती बेताचीच होती.

म्हणजे पीक दुसऱ्याच्या गाडीत आणि ज्याने कष्ट केले त्याच्या घरच्यांना सरवासुद्धा नाही!

हा अन्याय लोकांना टोचला. फ्रान्सने १९२० मध्ये कायदा केला, की चित्र पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीतला ठरावीक हिस्सा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळेल. या कायद्याच्या चर्चेत 'अँजेलस'चं उदाहरण नेहमी दिलं जातं.

आणि तुम्हाला माहीत आहे का, असा हक्क आपल्या देशातही आहे! भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३ अ आलं. मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर मूळ कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के असू शकतो. तुमच्या घरात कुणी चित्रकार असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

व्हिन्सेंटचा गुरू

मिलेला एक शिष्य असाही मिळाला, ज्याची आणि त्याची कधी भेट झाली नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. सुरुवातीला चित्रकला शिकताना व्हिन्सेंटने मिलेची चित्रं समोर ठेवून हात बसवला. पुढे १८८९-९० मध्ये साँ रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने पुन्हा मिलेच्याच चित्रांचा आधार घेतला आणि ती आपल्या रंगांत नव्याने रंगवली. त्यातलं 'पहिली पावलं' नक्की शोधा. बाबा हात पसरून बसलेत, आई बाळाला धरून आहे आणि बाळ पहिलं पाऊल टाकतंय. मूळ कल्पना मिलेची, रंग व्हिन्सेंटचे. लहान मुलांना दाखवायला यासारखं चित्र नाही.

सरवा वेचणाऱ्या तिघी आणि 'अँजेलस' आज पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहेत. आपल्याला तिकडे जाणं जमेल तेव्हा जमेल. तोवर फोनवरचं ते पहिलं चित्र घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला दाखवा आणि त्यांनी कधी सरवा वेचलाय का, ते विचारा. काय उत्तर मिळालं, ते मला कमेंटमध्ये नक्की कळवा.

भेटूया पुढच्या वेळी, नव्या चित्रकारासोबत!