कांडी वाढते कशाने?



गटावर फिरताना सध्या एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, ते एन्झाइमवालं औषध मारू का? कांडी लांब पडते म्हणतात." विक्रेते बांधापर्यंत येतात, उधारीवरही बाटली देऊन जातात. म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो.

एन्झाइम, म्हणजे विकर, हा शब्द काही खोटा नाही. उसाची प्रत्येक पेशी भिंतीत कोंडलेली असते. ही भिंत सेल्युलोजच्या धाग्यांची, सुंभाने विणलेल्या बाजेसारखी. आत पाण्याचा दाब, तोही ट्रॅक्टरच्या मागच्या टायरातील हवेच्या कितीतरी पट! वाढीच्या वेळी पेशी या भिंतीत आंबटपणा सोडते, तेथली प्रथिने कामाला लागतात, वीण जराशी ढिली पडते आणि दाबामुळे पेशी लांबते. काही विकरे धागा कापून दुसऱ्या धाग्याला जोडतात. १९९२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातील कॉस्ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने काकडीच्या रोपातून एक्स्पान्सिन हे प्रथिन शोधले. ते तर धागा न कापताच गाठी सैल करते. उसासारख्या गवताच्या जातीत त्याचा मोठा गोतावळा आहे.

पण हे सारे पेशी घरच्या घरी बनवते. फवारलेले प्रथिन पानाच्या मेणचट सालीतून शिरून नेमके वाढत्या कांडीत पोचेल, हे मला पटत नाही. आणि समजा पोचले, तरी आत पाणीच नसेल तर वीण ढिली करून उपयोग काय?

खरी मेख इथेच आहे. कांडी लांबते ती शेंड्याजवळ, थोडेच दिवस. मग भिंत जाड होते, लिग्निन भरते, ती कांडी कायमची तेवढीच राहते. "पाऊस लागला की भरून निघेल" असे आपण म्हणतो, ते फक्त नव्या कांड्यांपुरते खरे. तोडणीला फडातला ऊस हातात घेऊन बघा. पाळी चुकली तेथे आखूड कांड्यांची माळ दिसते. आडसालीत ती बहुधा एप्रिल-मेची असते, आवर्तन लांबले त्या वेळची. ते टनेज गेले ते गेलेच.

म्हणून बाटलीचे पैसे ठिबकच्या नळ्या दुरुस्त करायला घाला. सरीत पाचट अंथरा. नत्राचा शेवटचा ४० टक्के हप्ता मोठ्या बांधणीला चुकवू नका. पेशीतला दाब टिकवायला पालाश लागते, आणि नेमके तेच आपण वगळतो! उलट पाटाचे पाणी दोन-दोन दिवस तुंबवून ठेवणारेही आहेत. मुळाला हवा नको का?

तरीही औषध घ्यायचेच असेल, तर २०२१ पासून जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. लेबल वाचा, पक्की पावती घ्या, आणि चार सऱ्या बिनफवारणीच्या सोडा. तोडणीला दोन्हींचे वजन वेगवेगळे करा. फरक पडला तर आकडे गट ऑफिसात आणून द्या, पुढच्या अंकात छापू.