फुकट कोण कोणाचे खातो?

आमचे एक स्नेही आहेत. जगातल्या कोणत्याही तक्रारीवर त्यांच्यापाशी एकच तोडगा तयार असतो : "फुकट मिळते ना? मग कुरकुर कशाला?" गेल्या दिवाळीत फराळाला बसले असता त्यांनी हाच तोडगा माझ्या वहिनींना ऐकवला.

वहिनींचा अपराध एवढाच, की सात वर्षे त्या एका फुकटच्या ब्लॉगवर लिहीत होत्या. मालवणकडच्या पाककृती, सासूबाईंच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, असे घरगुती लेखन. एके दिवशी त्या कंपनीचे धोरण बदलले. सूचना आली ती इंग्रजीत, आणि तीही वहिनी कधी उघडत नसत अशा पत्त्यावर. मुदत सरली आणि सारे पुसले गेले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "बंद करा हो, पण माझी वही तरी परत द्यायची!" त्यावर स्नेह्यांचे ते उत्तर. घरी आलेल्या पाहुण्याशी भांडू नये म्हणून त्या दिवशी मी करंजी तोंडात कोंबली. आज तोंड मोकळे आहे.

'लाइव्हजर्नल' नावाचे एक संस्थान होते. आजही आहे, पण त्याची रया गेली. १९९९ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन विद्यार्थ्याने ते उभारले. येथे जाहिराती येणार नाहीत, असे वचन चालकांनी लोकांना लेखी दिले होते. त्या वचनावर विसंबून लोकांनी रोजनिश्या लिहिल्या, एकमेकांच्या शंका बिनपगारी निवारल्या, इतर भाषांत भाषांतरे करून दिली. २००५ साली ते विकले गेले. पुढल्याच वर्षी जाहिराती पाहण्याच्या अटीवर मिळणारी खाती निघाली. २००७ च्या मे महिन्यात घाण काढण्याच्या नावाखाली सुमारे पाचशे खाती एका झटक्यात बंद झाली. घाण काढावी, त्याबद्दल वाद नाही. पण त्या केरसुणीखाली एका गाजलेल्या कादंबरीची चर्चा करणारी मंडळीही सापडली. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ ओढलेली दिसे. ओरड झाली, चालकांनी क्षमा मागितली, पुष्कळ खाती परत आली. वर्षअखेरीस संस्थान पुन्हा विकले गेले, या वेळी एका रशियन कंपनीला. मार्च २००८ मध्ये नव्या मालकांनी जाहीर केले, की नवागतांना जाहिरातींवाचूनचे फुकट खाते यापुढे मिळणार नाही.

तेव्हा लोकांनी काय केले? संप! २१ मार्च २००८ रोजी दिवसभर कोणी काही लिहायचे नाही, असे ठरवले.

मी गिरणगावात वाढलो. १९८२ चा संप मी आमच्या चाळीच्या जिन्यावरून पाहिला आहे. संप कोण करतो, हे मला कोणी शिकवायला नको. ज्याचे हात थांबले म्हणजे माग थांबतो, तो संप करतो. अन्नछत्रात जेवणाऱ्यांनी संप केल्याचे, वाचकहो, आपण कधी ऐकले आहे काय? ते जेवले नाहीत तर छत्रवाल्याचे तांदूळच वाचतील. मग लिहिणाऱ्यांनी एक दिवस लेखणी खाली ठेवण्याला मालकाने का भ्यावे? कारण उघड आहे : माल त्यांचा होता. त्यांच्या लिखाणाला वाचक येत आणि त्या वाचकांचे डोळे जाहिरातदाराला विकले जात. आमच्या स्नेह्यांच्या 'फुकट'चा हिशेब येथेच उलटतो.

पूर्वीही असे झाले होते. 'याहू'ने १९९९ साली 'जिओसिटीज' घेतले आणि लोकांच्या पानांवरील मजकुरावर व्यापक हक्क सांगणारी कलमे घातली. लोकांनी आपली पाने रिकामी करून करड्या रंगाची केली. थोड्याच दिवसांत कलमे बदलावी लागली. 'गूगल'ने फेब्रुवारी २०१५ मध्ये 'ब्लॉगर'वरील प्रौढांसाठीच्या चित्रांचे ब्लॉग सार्वजनिक ठेवण्यास मनाई जाहीर केली आणि आठवडा उलटण्यापूर्वी मागे घेतली. मला त्या चित्रांचा पुळका नाही. पण दहा-दहा वर्षे चाललेल्या जुन्या ब्लॉगांनाही नवा नियम मागाहून लावणे लोकांना खटकले, आणि ते गूगलनेही मान्य केले.

मालकाला खर्च असतो, यंत्रे विजेवाचून चालत नाहीत, हे मी जाणतो. दुकान बंद करण्याचा त्याला हक्क आहे. धर्मशाळेचा व्यवस्थापकही दार लावू शकतो. पण उतारूची ट्रंक विहिरीत टाकू शकत नाही. लिहिणाऱ्याला कळेल अशा भाषेत पुरेशी आधी सूचना आणि ट्रंक हातात, एवढेच मागणे आहे. हे भिक्षापात्र नव्हे.

आपल्या लोकांचाही राग येतो. रात्री 'चाललो आम्ही सोडून' म्हणून गर्जायचे आणि सकाळी तेथेच 'शुभ प्रभात' लिहायचे! लाइव्हजर्नलच्या माजी कर्मचाऱ्यांनी २००९ साली 'ड्रीमविड्थ' काढले. जाहिराती नाहीत, खर्च वर्गणीवर. ते आजही चालते. पण अशा ठिकाणी वर्गणी म्हटली की आपला हात खिशात अडकतो. मीही कलमे न वाचता 'मान्य' म्हटलेले आहेच.

यंदा वसुबारसेला वहिनींनी ओव्या पुन्हा सांगायला घेतल्या. मी दोनशे पानी वही आणली आहे. अकरा ओव्या झाल्या. बाराव्या ओवीचा दुसरा चरण त्यांना आठवत नाही, आणि ज्यांना आठवला असता त्या सासूबाई चार वर्षांपूर्वी वारल्या.