छंदवेध : चाळीसगावच्या घरातील छायाप्रकाश

मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी चाळीसगाव जंक्शनवर थांबते, तेव्हा बहुतेक प्रवाशांचे लक्ष चहाकडे तरी असते किंवा धुळ्याच्या गाडीकडे तरी. धुळ्याचा फाटा येथूनच फुटतो. खानदेशातील कित्येक व्यापारी कुटुंबांनी मालाच्या पावत्या खिशात घालून या फलाटावर गाडी बदलली आहे. परंतु स्थानकापासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका जुन्या दगडी घराकडे त्यांतील किती जणांची पावले वळली असतील, हा प्रश्नच आहे. त्या घरात केकी मूस राहत असत. सुमारे अर्धशतक त्यांनी त्या भिंतींच्या आत काढले, आणि तेथे बसूनच छायाचित्रकलेच्या जगात चाळीसगावचे नाव पोहोचविले.

केकी माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील माणेकजी आणि आई पिरोजा यांनी चाळीसगावात व्यवसायाचा जम बसविला होता. चालता व्यवसाय मुलाने पुढे न्यावा ही कोणत्याही व्यापारी पित्याची इच्छा असते. माणेकजींचीही तशीच होती असे सांगतात. मुलाचा ओढा मात्र रंग, रेषा आणि प्रकाश यांच्याकडे होता. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. पुढे वडिलांचे छत्र हरपले.

अशा प्रसंगी घरात काय बोलले जाते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. नातेवाईक जमतात, दुकानाच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या याचा विचार होतो, आणि मुलाला समजावून सांगितले जाते की छंद पुढे पाहता येतील, आधी गल्ला सांभाळ. पिरोजाबाईंनी निराळा निर्णय घेतला. व्यवसायाचा भार त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि १९३५ साली मुलाला कलाशिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. शेफील्डच्या बेनेट कॉलेजातून त्याने व्यावसायिक कलेची पदविका मिळविली. त्याबरोबरच छायाचित्रणाचा कसून अभ्यास केला. काही देशांचा प्रवास करून, दुसरे महायुद्ध पेटण्याच्या सुमारास तो मायदेशी परतला. मुंबईत व्यावसायिक संधी होत्या. तरीही त्याने चाळीसगावचीच निवड केली.

आपल्या वास्तूला त्यांनी रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे नाव दिले होते. या नावातच त्यांच्या कलेचे मर्म आहे. रेम्ब्राँच्या चित्रांत बराचसा भाग अंधारात असतो. एखाद्या कपाळावर, एखाद्या हातावर तेवढा उजेड पडतो, आणि पाहणाऱ्याची नजर आपोआप तेथे जाते. काय दाखवावयाचे यापेक्षा काय झाकावयाचे हे ज्याला कळले त्याला प्रकाश कळला, हा धडा मूस यांनी आयुष्यभर गिरविला.

त्यांना कीर्ती मिळाली ती ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणामुळे. नावाप्रमाणेच हे टेबलावरचे काम आहे. घरातील साध्या वस्तू टेबलावर अशा रीतीने मांडावयाच्या, त्यांच्यावर असा प्रकाश टाकावयाचा, की छायाचित्रात त्या वस्तू न राहता एक दृश्य उभे राहावे. कापूस आणि मीठ यांचा बर्फ होतो, वाळलेल्या काटकीचा वृक्ष होतो, आरशाच्या तुकड्याचे तळे होते. पाहणाऱ्याला वाटते, छायाचित्रकार कोठे दूरदेशी जाऊन आला. प्रत्यक्षात तो आपल्या खोलीतून हललेलाही नसतो. मूस यांच्या अशा छायाचित्रांना देशोदेशींच्या प्रदर्शनांतून तीनशेच्या आसपास पारितोषिके मिळाल्याचे सांगितले जाते. ‘विच ऑफ चाळीसगाव’ हे त्यांचे छायाचित्र विशेष गाजले. खानदेशातील एका तालुक्याच्या गावाचे नाव असे एका कलाकृतीच्या शीर्षकात जाऊन बसले.

या कामामागील शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. भिंग वस्तूच्या जितके जवळ न्यावे, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. बाहुलीचे नाक रेखीव आले तर तिच्यामागचे झाड पुसट होते. असे पुसट झाड दिसले की पाहणारा लगेच ओळखतो, ही वस्तू लहान आहे. हा भेद लपवावयाचा तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. छिद्राचा आकडा ८ वरून १६ वर नेला तर आत येणारा प्रकाश चौथाई होतो, आणि एका सेकंदाचे काम चार सेकंदांवर जाते. तेवढा वेळ काही हलता कामा नये. पंख्याची झुळूकही चालत नाही. दुसरी बाब उंचीची. बाहुली तीन इंचांची असेल तर भिंगही तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे टेबलापासून जेमतेम पावणेतीन इंचांवर आणावे लागते. वरून पाहिले की खेळणे दिसते, समोरून पाहिले की माणूस दिसतो. तिसरी बाब सावलीची. सूर्य फार दूर असल्याने त्याच्या उजेडातील सावल्या एकमेकींना समांतर पडतात. जवळच्या दिव्याच्या सावल्या मात्र फाकतात. म्हणून टेबलावर ऊन आणावयाचे तर दिवा शक्य तितका दूर न्यावा लागतो.

त्यात तो काळ फिल्मचा. घेतलेले छायाचित्र लगेच दिसत नसे. अंधारखोलीत निगेटिव्ह धुऊन, हायपोच्या पाण्यातून काढून, वाळवून, मग कागदावर ठसा उमटल्यावरच कळे की सावली अर्धा इंच चुकली. मग पुन्हा तीच मांडणी, पुन्हा तोच दिवा, पुन्हा ते चार सेकंद. हल्लीच्या भ्रमणध्वनीवर एका मिनिटात पन्नास छायाचित्रे निघतात. त्या मानाने ही चाल फारच संथ. मात्र प्रत्येक वेळी काय चुकले याचा हिशेब ठेवण्याची सवय त्या संथपणानेच लावली. रोजमेळ ज्याने रोज जुळविला त्याला वर्षअखेरीस ताळेबंदाची धास्ती नसते, तसेच हे आहे.

मूस यांचे छंद कॅमेऱ्यापुरते मर्यादित नव्हते. चित्रकला, शिल्प, लाकडावरील काम, कागदाच्या घड्यांची ओरिगामी, संगीत अशा अनेक वाटांनी त्यांची बोटे फिरली. वरवर पाहता ही विखुरलेली हौस वाटते. परंतु टेबलावरील छोटे जग उभारणाऱ्याला यातील प्रत्येक विद्या उपयोगी पडत होती. ज्याला लाकूड कोरता येते त्याला हवा तसा उंबरठा करून घेता येतो. ज्याला कागद दुमडता येतो त्याला पक्षी विकत आणावा लागत नाही. त्यांच्या हत्यारांचा मोठा भाग बाजारातून आलेला नव्हता, त्यांच्या हातात होता.

त्यांच्या एकांताविषयी चाळीसगावात एक कथा सांगितली जाते. मुंबईत ज्या तरुणीवर त्यांचे प्रेम होते, तिने निरोप घेताना एक दिवस पंजाब मेलने चाळीसगावला येण्याचे वचन दिले होते. ती आली नाही. तरीही रोज रात्री गाडीच्या वेळेस ते घराचे दार उघडीत, दिवे लावीत आणि दोघांचे ताट मांडून बसत, असे म्हणतात. घराबाहेर ते अगदी मोजक्या प्रसंगी पडले; त्यांतील एक प्रसंग विनोबा भावे यांचे छायाचित्र घेण्याचा होता, असेही सांगितले जाते. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. कथा मनाला चटका लावणारी आहे. पण ती ऐकून परतणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, वाट पाहणाऱ्या त्या माणसाने वाट पाहता पाहता हजारो तास काम केले. आज त्या घरात त्यांच्या कलाकृती जतन केलेल्या आहेत आणि पाहणाऱ्यांना दाखविल्याही जातात.

जतन करणे हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खानदेशाशीच निगडित असलेले दुसरे एक उदाहरण त्याचे मोल सांगते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम सोपविण्यात आले. अरण्य, आजार आणि लेण्यांतील काळोख यांच्याशी झगडत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठी तैलचित्रे रंगविली. ती लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि १८६६ साली तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेली. प्रत्येक चित्राची प्रत एकच होती. गेली ती गेली.

गिलने मध्यंतरी आणखी एक हत्यार हाती घेतले होते. दोन भिंगे शेजारी शेजारी बसविलेला स्टिरिओस्कोपिक कॅमेरा हे त्या काळचे अगदी नवे यंत्र. माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणे ते एकाच दृश्याची किंचित भिन्न अशी दोन छायाचित्रे घेई. खास चष्म्यातून पाहिले की सपाट कागदावर लेण्यांतील खांबांची खोली दिसू लागे. त्याची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाच्या विवेचनासह लंडनहून ग्रंथरूपाने निघाली. त्यांच्या प्रती अनेक होत्या, अनेक हातांत होत्या. म्हणून त्या टिकल्या. गिलचा मृत्यू १८७९ साली झाला आणि त्याची कबर भुसावळला आहे.

या दोन आयुष्यांतून आजच्या घरासाठी काही प्रश्न निघतात. आज खानदेशातील प्रत्येक पेढीवर, प्रत्येक घरात कॅमेरा आहे. पालीताण्याची यात्रा, मुलीचे लग्न, नव्या दुकानाचे उद्घाटन, आजोबांचा शेवटचा वाढदिवस, सारे भ्रमणध्वनीत साठलेले आहे. ही सारी गिलची तैलचित्रे आहेत. यंत्र पाण्यात पडले, हरवले किंवा बिघडले की एकुलती एक प्रत नाहीशी होते. ज्या घरात चोपडी दोन ठिकाणी लिहिली जाते, पावतीची कार्बन प्रत सांभाळली जाते, त्या घरात आजीच्या चेहऱ्याची दुसरी प्रत नसावी, हे आपल्या शिस्तीला शोभणारे नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी कॅमेरा मागते, जुना रेडिओ उघडून बसते, ड्रोनचे सुटे भाग मागवते. वडिलांच्या मनात लगेच खर्चाची बाजू उभी राहते, आणि ते चूकही नाही. पैसा कष्टाचा असतो. प्रत्येक छंदातून केकी मूस घडत नाहीत. किंबहुना पुष्कळ छंद दोन महिन्यांत माळ्यावर जातात. म्हणून परीक्षा यंत्राच्या किमतीवरून न घेता चिकाटीवरून घ्यावी. महागडा कॅमेरा आणण्याआधी घरातल्याच भ्रमणध्वनीवर टेबल-टॉपचा प्रयोग करावयास सांगावा. पांढरी चादर, एक दिवा, थोडे मीठ, एक काटकी आणि भिंग स्थिर ठेवण्यास पुस्तकांची चळत, एवढे साहित्य पुरे. फ्लॅश बंद ठेवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. एकच दृश्य दिव्याची जागा बदलून वीस वेळा टिपावे आणि कोणते का जमले हे वहीत लिहावे. विसाव्या वेळीही ज्याचा उत्साह ओसरला नाही, त्याच्यासाठी पैसे खर्च करण्यास हरकत नाही. पिरोजाबाईंनी मुलाची भूक ओळखूनच व्यवसाय अंगावर घेतला असावा.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन एक दिवस चाळीसगावला जावे. मूस यांची वास्तू आधी पाहावी. मग गौताळ्याच्या डोंगरातील पाटणादेवीकडे वळावे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून स्थापलेल्या मठाच्या दानाचा शिलालेख याच पाटण्यात सापडला. तेथील डोंगरात ‘नागार्जुन कोठडी’ या नावाने ओळखले जाणारे जैन लेणे असून त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. मुलांनी तेथे प्रथम कॅमेरा खिशातच ठेवावा. दाराकडून येणारा उजेड मूर्तीच्या कोणत्या बाजूवर पडतो, मुद्रेवरील सावली कशी सरकते, हे थोडा वेळ नुसते पाहावे, आणि मग एकच छायाचित्र घ्यावे.

घरी आल्यावर वर्षभरातील छायाचित्रांतून बारा निवडावीत. ती कागदावर छापून घ्यावीत. प्रत्येकाच्या मागे तारीख, गाव आणि व्यक्तींची नावे शाईने लिहावीत. एक संच आपल्या घरी ठेवावा, दुसरा मुलीच्या सासरी किंवा दुसऱ्या गावच्या भावाकडे द्यावा. नव्या वर्षाच्या चोपडीचे पूजन होईल, त्याच दिवशी हेही काम उरकून घ्यावे. म्हणजे ते विसरले जाणार नाही.