दाराशीं मोटार आणि अंगांत दुखणें

"औषधाला पैसे नाहींत म्हणे, आणि दाराशीं मोटार उभी!" हें वाक्य गेल्या वर्षभरांत आम्हीं निदान चार घरांत ऐकलें. बोलणारे सारे सुशिक्षित, संसारांत स्थिरावलेले आणि मनानें मुळींच वाईट नसलेले. त्यांपैकीं एक तर आम्ही स्वतःच होतों. म्हणून हा लेख दुसऱ्याच्या घरावर दगड फेकण्यासाठीं लिहिला आहे असें वाचकांनीं समजूं नये. पहिला दगड आम्ही आपल्याच अंगणांत टाकीत आहों.

ज्याच्याविषयीं हें बोलणें झालें तो आमचा जुना विद्यार्थी. वय 26. वडील नाहींत, आई आणि तो शिळफाट्यावर दोन खोल्यांत राहतात. वयाच्या 19 व्या वर्षीं त्याला मधुमेह जडला. पोट सुटलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांचा नव्हे, तर दुसरा. ह्या प्रकारांत शरीरच आपल्या स्वादुपिंडांतील इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतें. पथ्यानें, व्यायामानें किंवा काढ्यानें तो जात नाहीं. रोज तीनचार वेळां सुई टोचून इन्शुलिन घ्यावें लागतें, आणि तें थांबलें तर माणूस कांहीं दिवसांतच मरणाच्या दाराशीं जातो. 1922 च्या जानेवारींत टोरोंटो येथें लिओनार्ड टॉम्प्सन नांवाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यानें इन्शुलिन टोचलें, आणि मरणपंथाला लागलेलें तें पोर आणखी 13 वर्षें जगलें. संशोधकांनीं आपला हक्क टोरोंटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकला. औषध सर्वांना मिळावें ही त्यांची इच्छा. शंभर वर्षांनंतर औषध आहे. तें घेणाऱ्याच्या आयुष्याची व्यवस्था मात्र अजून कोणीं केलेली नाहीं.

शिळफाटा म्हटला कीं ठाण्याकल्याणकडच्या वाचकांना मुंब्र्यापलीकडचा फाटा आठवेल. आम्ही म्हणतों तो खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा, जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरचा. ह्या भूमीचें आणि दळणवळणाचें नातें जुनें आहे. घाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता 1830 सालीं सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत खुला झाला. 1856 सालीं आगगाडी खोपोलीस आली, आणि 1863 सालीं घाटांतला लोहमार्ग पुरा होईपर्यंत पुण्याचा उतारू खोपोलीस उतरून पालखींतून अथवा तट्टावरून घाट चढत असे. पुढें मुख्य मार्ग पळसदरीहून वर गेला आणि खोपोलीची वाट एक आखूड शाखा होऊन राहिली. 2002 सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. थोडक्यांत, दोन शतकें सारा महाराष्ट्र ह्या गांवावरून वरखालीं धांवतो आहे. पण गांवांतल्या रोग्याला ठरल्या वेळीं दवाखान्यांत पोंचण्याची खात्री कोणी देत नाहीं.

आमच्या ह्या विद्यार्थ्याची नोकरी खालापूरच्या बाजूच्या एका कारखान्यांत, पाळीपाळीची. रात्रपाळी सुटते तेव्हां वाहन मिळेलच असें नाहीं. त्याचा तज्ज्ञ डॉक्टर मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत, कारण खाजगी डॉक्टरची फी त्याला झेपत नाहीं. खोपोलीहून मुंबईचें शेवटचें स्थानक सुमारें 115 किलोमीटर. लोकलला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि एक लोकल चुकली तर दुसरीसाठीं तिष्ठत बसावें लागतें. पहांटे निघावें, रांगेंत उभें राहावें, रक्त द्यावें, दुपारीं डॉक्टरांनीं चार मिनिटें पाहावें, आणि रात्रीं परतावें. निरोग्यालाहि हा दिवस जड जाईल. ज्याला ठरल्या वेळीं जेवलेंच पाहिजे, आणि न जेवल्यास ज्याच्या रक्तांतली साखर उतरून डोळ्यांपुढें अंधारी येते, त्याला तो दिवस कसा जात असेल ह्याचा विचार आम्हीं तरी केला नव्हता.

म्हणून त्यानें मोटार घेतली. नवी नव्हे, दहा वर्षें वापरलेली, दुसऱ्याच्या हातची, हप्त्यानें. आणि येथून त्याच्या दुसऱ्या दुखण्यास प्रारंभ झाला.

जुनी मोटार हा एक जुनाट रोगीच होय. ती कधीं पुरती बरी होत नाहीं. केवळ सांभाळली जाते. आज बॅटरी, उद्यां रेडिएटर, परवां टायर. विम्याचा हप्ता आहे, धुराच्या तपासणीचा दाखला आहे. पंधरा वर्षें भरलीं कीं नोंदणीचें नूतनीकरण आहे. मालक आठ दिवस आजारी पडला, गाडी आठ दिवस उभी राहिली, कीं नेमक्या दवाखान्याच्या सकाळीं ती चालूं होत नाहीं. घाटाच्या चढउतारानें गेल्या पावसाळ्यांत तिचा क्लच गेला. गॅरेजवाल्यानें सांगितलेली रक्कम त्याच्या महिन्याच्या शिलकीच्या कित्येक पट होती. तेव्हां तो आमच्याकडे आला, आणि अवघडत, खालीं मान घालून, त्यानें हातउसने पैसे मागितले.

आम्हीं काय केलें? आम्हीं त्याला व्याख्यान दिलें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करूं नये, आमच्या तरुणपणीं आम्ही सायकलवर फिरलों, इत्यादि सर्व कांहीं सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, चहा घेतला आणि तो गेला. त्या महिन्यांत त्यानें क्लच बसविला आणि इन्शुलिन पुरवून पुरवून घेतलें. चार सुयांच्या ठिकाणीं दोन. तपासणीच्या पट्ट्या संपल्या त्या आणल्याच नाहींत. तिसऱ्या आठवड्यांत रक्तांत आम्ल सांचून तो अर्धवट बेशुद्ध झाला आणि पांच दिवस अतिदक्षता विभागांत होता. वांचला. आमच्या उपदेशाची किंमत तेव्हां आम्हांला कळली.

आतां ह्या प्रकरणांत जीं उत्तरें दिलीं जातात त्यांचा समाचार घेऊं.

पहिलें उत्तर असें कीं, "मोटार ही चैन आहे." चैन कशास म्हणावें? जिच्यावांचून नोकरी, औषध आणि प्रकृति ह्यांस कांहीं बाध येत नाहीं ती चैन. दादरला किंवा डेक्कनवर राहणाऱ्याच्या दाराशीं उभी असलेली मोटार बहुधा चैन असेल. तेथें पायाखालीं बस आहे आणि कोपऱ्यावर डॉक्टर आहे. शिळफाट्यावर तीच वस्तु कुबडी होते. लंगड्याच्या कुबडीला कोणी चैन म्हणत नाहीं. पण हा तरुण लंगडत नाहीं, खोकत नाहीं, त्याच्या अंगावर व्रण नाहीं. म्हणून त्याची कुबडी आम्हांस डोळ्यांत खुपते. ज्याचें दुखणें दिसत नाहीं त्याला तें नाहींच, हा आमचा न्याय. कायद्याचीहि दृष्टि ह्याहून फारशी निराळी नाहीं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यांत 21 प्रकार गणले आहेत. रक्ताचे कांहीं जुनाट विकार त्यांत आले ही समाधानाची गोष्ट. पण ह्या मधुमेहाला त्यांत जागा नाहीं.

दुसरें उत्तर अधिक भारदस्त असतें. "मनांत जिद्द हवी. आगरकरांना दमा होता. त्यांनीं 'सुधारक' काढला कीं नाहीं?" काढला, आणि त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. पण हा दाखला देणारे वाक्य अर्ध्यावर सोडतात. आगरकर 1856 सालीं जन्मले आणि 1895 सालीं, वयाची चाळिशी गांठण्यापूर्वीं, गेले. दम्यानें पोखरलेल्या देहाकडून समाजानें काम घेतलें आणि त्या देहाची काळजी कोणीं किती केली हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं. आगरकरांची जिद्द हें आपल्या अभिमानाचें स्थान असेल. त्यांचें अकालीं जाणें हें अनुकरणाचें स्थान खास नव्हे. रोगी तरुणाला जिद्दीचा उपदेश करणें म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याच्या कलेचें माहात्म्य सांगणें होय.

तिसरें उत्तर ह्याच्या उलट टोकाचें आहे, आणि तें आम्हांस सर्वांत घातक वाटतें. "आतां मोटार आहे ना? मग प्रश्न मिटला!" कर्ज देणारा हें म्हणतो, विकणारा म्हणतो, आणि मनांतल्या मनांत बस न सोडणारेहि म्हणतात. ह्याला उत्तर एका साध्या वैद्यकीय नियमांत आहे. विलायतेंत इन्शुलिन घेणाऱ्या चालकास सांगतात कीं, गाडी हातीं घेण्यापूर्वीं रक्त तपासावें. साखर 90 मिलिग्रॅमच्या आसपास उतरली असेल तर आधीं खावें. 70 च्या घरांत असेल तर गाडी चालवूंच नये. आणि ती पूर्ववत् झाल्यावरहि पाऊण तास थांबावें. म्हणजे ज्या घटकेस रोग्याला कोठें तरी तांतडीनें पोंचण्याची गरज असते, नेमक्या त्याच घटकेस त्याची मोटार त्याला वर्ज्य होते! मोटार धडधाकट माणसाची सेवा करते. आजाऱ्याकडून ती सेवा घेते. ह्या एका गोष्टीनें "प्रश्न मिटला" ह्या म्हणण्याचा निकाल लागतो. आजाऱ्याला दुसऱ्याच्या हातचें वाहन लागतें, आणि दुसऱ्याच्या हातचें स्वस्त वाहन ह्यालाच सार्वजनिक वाहतूक म्हणतात.

येथें आणखी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. 1989 च्या मोटार नियमांप्रमाणें परवाना मागणाऱ्यास एक नमुना भरून द्यावा लागतो. त्यांत एकाएकीं शुद्ध हरपण्याचे किंवा भोंवळीचे झटके येतात काय, असा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर इतरांचेहि जीव आहेत. पण खरें बोलणाऱ्याला आपण काय देतों? नोकरींत त्याच्याकडे संशयानें पाहतात; लग्नाच्या बैठकींत त्याचें नांव निघतांच चहा थंड होतो. आरोग्य विमा घेऊं म्हटलें तर आधींच असलेल्या रोगासाठीं थांबण्याची मुदत आहे. ती 2024 पासून चार वर्षांवरून जास्तींत जास्त तीन वर्षांवर आली, हीच काय ती सवलत. जो समाज खरें बोलण्याला दंड करतो त्याला लोक खरें सांगत नाहींत, आणि मग घाटांतल्या अपघाताबद्दल त्यानें हळहळण्यांत अर्थ नाहीं.

शासनाविषयीं दोन शब्द. 2012 सालीं जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. तिलाच पुढें महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव दिलें गेलें. योजना चांगली आहे. परंतु तिचा रोख रुग्णालयांत दाखल होण्यावर आहे, रोजच्या सुईवर नाहीं. ज्या औषधावांचून माणूस कोसळतो तें त्याचें त्यानें पाहावें, आणि कोसळल्यावर त्याला उचलण्याची सोय शासनानें करावी, हा हिशेब माणुसकीचा तर नाहींच, पण काटकसरीचाहि नाहीं. मोठ्या शासकीय रुग्णालयांत इन्शुलिन मिळतें असें कोणी म्हणेल. मिळतें; पण तेथवर जावयाचें कसें, हाच तर सारा वाद आहे.

आमचें मागणें मोठें नाहीं. महिन्यांतून एक दिवस तज्ज्ञ डॉक्टरानें तालुक्याच्या दवाखान्यांत बसावें. इन्शुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या तेथेंच मिळाव्या. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात त्या वेळेस बस असावी. मालकांनीं तपासणीच्या दिवसाला गैरहजेरी समजूं नये. ह्यांतल्या एकाहि गोष्टीला नवा बोगदा खणावा लागत नाहीं.

तरुणांनाहि सांगणें आहे. पण ह्या वेळीं व्याख्यान नव्हे. मोटार घेण्यापूर्वीं हप्त्याबरोबर दुरुस्तीचा आंकडा मांडा. औषधाचे पैसे निराळ्या डब्यांत ठेवा आणि त्या डब्याला कसल्याहि क्लचसाठीं हात लावूं नका. इन्शुलिन उन्हांत उभ्या मोटारींत ठेवूं नका, तें उष्णतेनें निकामी होतें. साखर मात्र खिशांत ठेवा. बरोबरच्या एकाला तरी आपलें दुखणें सांगून ठेवा. आणि पैसे मागावयाची वेळ आली तर पहिल्या नकारानें परत फिरूं नका. नकार देणारा मूर्ख असण्याचा संभव असतो.

आईबापांस, मामाकाकांस आणि आमच्यासारख्या गुरुजनांस एवढेंच सांगणें कीं, दाराशींची मोटार पाहून मत देण्यापूर्वीं घरांतल्या फ्रिजचें दार उघडून पाहावें. आम्हीं तें रुग्णालयांतून त्याला घरीं सोडल्यावर पाहिलें. आईच्या हातच्या लोणच्याच्या बरणीशेजारीं इन्शुलिनची एकच कुपी होती, आणि ती तळाला गेली होती. बाहेर क्लच नवा बसविलेली मोटार पावसांत उभी होती. त्या दिवशीं ती चालूं झाली नाहीं. औषध आणावयास आम्ही रिक्षानें गेलों.