पंचांचा हुकूम आणि सरकारचे कर्तव्य

व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न निघाला म्हणजे एका बाजूस सरकार आणि दुसऱ्या बाजूस प्रजाजन अशी मांडणी करण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या पुण्यात चहाच्या पेल्यापायी भल्याभल्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली, त्या शहराने तरी या वादातील तिसरा पक्षकार, म्हणजे समाज, नजरेआड करू नये.

१८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी पेला तोंडाला लावला, कोणी नुसता हाती घेऊन बाजूस ठेवला. आणि गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात झळकताच प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी जाऊन चौकशीसाठी कमिशन बसले. सरकारी न्यायासनावरून इतरांच्या फिर्यादींचे निवाडे करणारे रानडे या दुसऱ्या न्यायासनापुढे निरुपाय झाले, आणि मित्रांची अडचण निवारण्याकरिता १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. ग्रामण्याजवळ, म्हणजे जातीच्या बहिष्काराजवळ, तुरुंग नव्हता, शिपाई नव्हता. पण पुरोहित दारी येईनासा झाला, पंगतीत पान मांडले जाईना आणि मुलीचे लग्न अडले की माणूस आपण होऊन शरण येई.

त्या चहापानाच्या पुढच्याच वर्षी, १८९१ साली, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा आला, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असा टिळकांचा आक्षेप होता. पारतंत्र्यात तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि, कायद्याचा पुरस्कार करणाऱ्या आगरकरांची बाजू अधिक न्याय्य होती, कारण ज्या समाजाच्या स्वायत्ततेची ग्वाही दिली जात होती, त्या समाजात दहा वर्षांच्या मुलीला मत मांडण्याची मुभाच नव्हती.

स्वराज्य आल्यावरही हा पेच सुटला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला बहिष्कारविरोधी कायदा, धार्मिक कारणास्तव बहिष्कृत करणे हा पंथाच्या धर्मव्यवहाराचा भाग आहे, या भूमिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. अखेर जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध कार्यकर्त्यांनी चालविलेल्या चळवळीस यश येऊन महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत केला, तो २०१७ च्या जुलैत अमलात आला, आणि बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

याचा अर्थ सरकारच्या हाती अमर्याद सत्ता द्यावी असा नाही. २००४ साली भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला, आणि ज्या पुस्तकावरून तो झाला त्या पुस्तकावर सरकारने बंदी घातली; ती बंदी उच्च न्यायालयाने उठविली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तरी जमावाच्या भावनेलाच सरकारी हुकुमाचे रूप मिळाले की एकट्या माणसाला दाद मागण्यास न्यायालयाखेरीज ठिकाण उरत नाही, हे तेव्हा दिसून आले. समुदायाला आपली ओळख, आपले आचार, आपली दैवते खुशाल जपू द्यावीत. मात्र ती न मानणाऱ्याचे जगणे मुश्किल करण्याचा अधिकार त्याला नाही, आणि त्या एकट्याच्या पाठीशी उभे राहणे हेच सरकारच्या सत्तेचे खरे समर्थन आहे.

म्हणूनच बहिष्कृत माणूस चौकीची पायरी चढून आला, तर ‘आपसांत मिटवा’ असे सांगून अंमलदाराने त्याला त्याच पंचांपुढे परत धाडू नये. त्याची फिर्याद तेथेच नोंदवून घ्यावी.