थैली सारखी, मग मैदानही सारखे हवे
— द्वितीय वर्ष कला

'दाम करी काम' ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. निदान खेळाच्या मैदानात तरी तिने शिरू नये, अशी आपली अपेक्षा असते. ज्याची थैली मोठी त्याचाच विजय ठरलेला असेल, तर सामना पाहायचा तरी कशाला?

क्लबाने मिळकतीपेक्षा जास्त उधळू नये, असा नियम युरोपातील फुटबॉल महासंघाने २०१० साली केला. त्यामागे अनुभव होता. आपल्या मुंबईचेच पाहा. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली; २०१० मध्ये मालक कंपनीने तो संघच बंद केला. एकाच धन्याच्या खिशावर उभा राहिलेला खेळ धन्याच्या मर्जीने मोडतो.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने म्हणूनच प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा घातली. २०२३ च्या लिलावात ती पाच कोटी रुपये होती. तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. पुणेरी पलटणने इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाख. दोघांनीही जवळजवळ निम्मी थैली एकाच गड्यावर रिती केली. पण १ मार्च २०२४ रोजी पुणे अजिंक्य ठरले आणि तेलुगू संघ बारा संघांत तळाला राहिला. थैली सारखी असली की निकाल मैदानावर लागतो, तो असा!

काही जण म्हणतील, यात खेळाडूची कमाई मारली जाते. मर्यादा संघाच्या एकूण खर्चाला आहे, एका गड्याच्या किमतीला नाही, हे वरील आकडेच सांगतात. खरी उणीव निराळीच आहे. ही समानता फक्त बारा मालकांमधली आहे. गड्यांमधली समानता कुठे आहे?

परीक्षेची प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच असते. पण घरातून महाविद्यालयात येणारा पहिलाच असलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक असते की तयारी सारखी नसते. आमच्याकडची पोरे मातीत घडतात आणि मोठी कबड्डी मॅटवर चालते. भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट पाहतात. खेळातला पैसाही असाच वरच्या वर वाहून जावा काय?

फुटबॉलमध्ये याला उपाय आहे. करार संपण्याआधी खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर त्या रकमेतील पाच टक्क्यांपर्यंत वाटा, बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. कबड्डीच्या लिलावालाही हाच नियम लावावा. गड्याच्या मेहनतान्याला हात न लावता, मालकाने बोलीवर पाच टक्के जास्त भरावेत आणि ते गड्याच्या गावच्या मंडळाला व शाळेला द्यावेत. पवनच्या बोलीवर ही रक्कम तेरा लाखांवर जाते. तेवढ्यात एखाद्या तालुक्याला मॅट मिळेल, मुलींच्या संघाचा प्रवासखर्च निघेल.

मालकांच्या थैल्या सारख्या केल्या, हे चांगलेच झाले. आता जिथे गडी घडतो तिथवर तो न्याय पोहोचला पाहिजे. मित्रहो, मंडळाच्या पुढच्या सभेत हा ठराव आपणच मांडू या!