चौदावा मतदारसंघ कुणी पुसला?

दर निवडणुकीनंतर आपल्याकडे एक हिशेब मांडला जातो. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत आपले किती? २०१९ मध्ये एक, २०२४ मध्ये शून्य. मग दोन दिवस व्हॉट्सॲपवर हळहळ आणि तिसऱ्या दिवशी सगळं शांत. हा हिशेब खोटा नाही, पण तो फार उशिरा मांडला जातो. निकालाच्या दिवशी आपण जे मोजतो, ते आधी नकाशा आखताना आणि मग तिकीटवाटपाच्या रात्री बरंचसं ठरून गेलेलं असतं.

हे नीट समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याकडे पाहावं. तिथल्या संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, चौदावा मतदारसंघ ३ जानेवारी २०२३ पासून अस्तित्वात नाही. त्याचा बराचसा भाग डेट्रॉइट शहरात होता. या शहराच्या मोठ्या भागातून आज काँग्रेसमध्ये बसतात ते आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. बेळगावचा मराठी माणूस तिथे पोहोचला याचं कौतुक इथल्या वर्तमानपत्रांनी भरभरून केलं. डेट्रॉइटमध्ये मात्र त्याच दिवशी वेगळीच चर्चा होती: १९५५ नंतर पहिल्यांदाच, तीन चतुर्थांशांहून अधिक लोक काळे असलेल्या या शहराचा काँग्रेसमध्ये एकही काळा प्रतिनिधी उरला नव्हता.

हा मतदारसंघ १९३३ मध्ये तयार झाला. आकडा कायम राहिला, पण त्याखालची जमीन नव्या नकाशांबरोबर सरकत गेली. लुई रॅबॉ दीर्घकाळ इथले खासदार होते. अमेरिकन शाळांतली मुलं ध्वजाला वंदन करताना जी प्रतिज्ञा म्हणतात, तिच्यात १९५४ मध्ये 'ईश्वराच्या छायेखाली' अशा अर्थाचे शब्द आले, त्यासाठी ठराव मांडणाऱ्यांत ते होते. (धर्मनिरपेक्षतेवर आपल्याला प्रवचन देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) पुढे हॅमट्रॅमिकमध्ये जन्मलेले, पोलिश वंशाचे लुसियन नेड्झी आले. मोटार कारखान्यांत राबणाऱ्या पोलिश लोकांना 'आपला माणूस' मिळाला होता.

१९९३ मध्ये हा आकडा जॉन कॉनियर्स यांच्या भागाला मिळाला. कॉनियर्स १९६५ पासून काँग्रेसमध्ये होते. रोझा पार्क्स यांना दक्षिणेत काम मिळेनासं झाल्यावर त्या डेट्रॉइटला आल्या होत्या. त्यांना नोकरी दिली ती कॉनियर्स यांच्या कार्यालयाने. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुटीचं विधेयक कॉनियर्सनी मांडलं. ते मंजूर व्हायला १९८३ उजाडलं.

आपल्यासाठी महत्त्वाचं आहे २००१ साल. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेतल्या मुसलमानांवर पाळत, चौकशा, विमानतळावर अडवणूक सुरू झाली. पॅट्रियट कायदा सभागृहात आला तेव्हा विरोधात मत देण्याची हिंमत फक्त ६६ जणांनी केली. त्यांत कॉनियर्स होते. वंश आणि चेहरा पाहून होणाऱ्या पोलिसी तपासावर बंदी घालणारं विधेयकही त्यांनी मांडलं. त्यानंतरच्या दशकात त्यांच्या मतदारसंघात हॅमट्रॅमिक होतं आणि अरबांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्नचा काही भाग होता. काँग्रेसमध्ये तेव्हा एकही मुसलमान नव्हता. पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन २००६ मध्ये निवडून आले, तेही मिनेसोटातून. म्हणजे सगळ्यात वाईट काळात डेट्रॉइटच्या मुसलमानांची बाजू लावून धरणारा खासदार एक काळा ख्रिस्ती माणूस होता. रस्त्यावरच्या चळवळीतून तो घडला होता आणि पोलिसी संशय म्हणजे काय, हे त्याच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं होतं.

इथे आपल्याकडचे 'सेक्युलर' पक्ष लगेच टाळ्या वाजवतील. बघा, प्रतिनिधी मुसलमानच कशाला हवा? जरा थांबा. कॉनियर्सचा समाज त्या मतदारसंघात बहुसंख्य होता आणि उमेदवार त्या समाजाचाच होता. तुम्ही २०२४ मध्ये महाविकास आघाडी म्हणून ४८ जागा लढवल्या आणि एकाही जागी मुस्लिम उमेदवार दिला नाही. कॉनियर्सचं उदाहरण देण्याचा हक्क तुम्हाला नाही. आणि कॉनियर्सनाही देव करू नये. सुरक्षित जागेवर माणूस पन्नास वर्षं बसला की त्याला जाब विचारणारं कुणी उरत नाही. २०१७ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता नकाशाकडे येऊ. २०११ मध्ये मिशिगनची विधानसभा रिपब्लिकन पक्षाकडे होती आणि मतदारसंघ आखण्याचा अधिकार विधानसभेकडेच होता. नव्या आखणीत चौदावा मतदारसंघ डेट्रॉइटच्या नदीकाठापासून हॅमट्रॅमिक, साउथफील्ड करत वेडीवाकडी वळणं घेत पार पाँटिॲकपर्यंत गेला. काळे मतदार जिथे जिथे होते, तिथे तिथे ती रेघ गेली. वरवर पाहता त्यांचं भलंच झालं. उमेदवार ऐंशी टक्के मतांनी निवडून यायचा. पण खरी मेख तिथेच आहे. निवडून यायला साठ टक्के पुरे असताना ऐंशी टक्के एका जागी कोंडले की शेजारच्या दोन-तीन जागा विरोधकांना मोकळ्या होतात. त्या आखणीच्या वेळचे ईमेल पुढे बाहेर आले. त्यांत डेमोक्रॅट मतदारांसाठी 'कचरा' हा शब्द होता. २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने मिशिगनचे ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात म्हटलं की पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी हा संघीय न्यायालयांचा विषयच नाही. मिशिगनचा निकाल त्याबरोबर रद्दबातल झाला.

एवढं करून काळा उमेदवार तरी हमखास जिंकत होता का? नाही. २०१२ मध्ये याच मतदारसंघात डेमोक्रॅट पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत दोन विद्यमान खासदार समोरासमोर आले. गॅरी पीटर्स गोरे. हॅन्सेन क्लार्क यांची आई काळी आणि वडील बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे. साउथफील्डच्या महापौर ब्रेंडा लॉरेन्सही मैदानात होत्या. मतं विभागली आणि पीटर्स जिंकले. लॉरेन्स २०१४ मध्ये निवडून आल्या आणि या मतदारसंघाच्या शेवटच्या खासदार ठरल्या.

हे बदलायला निघाली ती विशीतली एक तरुणी, केटी फेही. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने फेसबुकवर सरळ लिहिलं की मिशिगनमधली ही नकाशांची लबाडी मला थांबवायची आहे, कुणी येतंय का? पुढे स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. २०१८ च्या जनमतात ६१ टक्के लोकांनी कौल दिला आणि आखणीचं काम १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे गेलं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण लोकसंख्येच्या प्रमाणात मिशिगनची एक जागा कमी झाली आणि चौदावा आकडा गेला. आयोगाने कोंडलेली मतं मोकळी करताना डेट्रॉइटचे दोन मतदारसंघ असे आखले की दोन्हींत काळे मतदार निम्म्याहून कमी झाले. २०२२ मध्ये तेराव्या मतदारसंघातल्या पक्षांतर्गत निवडणुकीला नऊ उमेदवार उभे राहिले. ठाणेदार २८ टक्के मतांवर जिंकले. त्यांनी स्वतःचा भरपूर पैसा ओतला हे खरं, पण बाकीच्या ७२ टक्क्यांना एकत्र येता आलं नाही हेही तितकंच खरं. विधानसभेच्या नकाशाविरुद्ध डेट्रॉइटचे काळे नागरिक कोर्टात गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच आयोगाने आखलेले १३ मतदारसंघ न्यायालयाने रद्द केले. नागरिकांचा आयोग झाला म्हणून त्यांनी पहारा सोडला नव्हता.

आपल्याकडे लोकसभेच्या जागा गोठवलेल्या आहेत. राज्यघटनेच्या ८४ व्या दुरुस्तीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर पुढची वाटणी व्हायची आहे. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमध्ये मुस्लिम वस्ती जास्त असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, आणि दलितांचं प्रमाण जिथे जास्त आहे अशा जागा खुल्या आहेत. ही तक्रार राखीव जागांविरुद्ध नव्हती. या आखणीत दलितांचाही तोटाच होतो. पण अहवाल आला, गाजला आणि कपाटात गेला. २००८ च्या पुनर्रचनेआधी मसुदे प्रसिद्ध झाले, जाहीर सुनावण्याही झाल्या. तिथे आपल्यातले किती जण नकाशा घेऊन गेले होते?

लोकसभा दूर आहे म्हणाल, तर महापालिका दाराशी आहे. प्रभाग रचनेचा मसुदा लागतो तेव्हा हरकतींना मोजके दिवस मिळतात, आणि आपल्या बहुतेक मोहल्ल्यांना तो लागल्याचं कळतं ते मुदत उलटल्यावर. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्याच मजकुराची हरकत सुनावणीत टिकत नाही. प्रभाग प्रगणक गट जोडून बनतात आणि त्यांच्या सीमा मोठे रस्ते, नाले, रेल्वेरूळ यांना धरून असाव्यात असा दंडक आहे. म्हणून अर्जात गटाचा क्रमांक हवा, तो गट कोणत्या प्रभागातून कोणत्या प्रभागात टाकला ते हवं, आणि वस्ती मधोमध चिरणारी रेघ कोणता नाला किंवा कोणता रस्ता सोडून आत शिरली आहे, ते नकाशावर लाल पेनाने दाखवलेलं हवं.